स्टॅफिलोकॉकस: निरोगी माणसाच्या नाकातील स्ट्रेनमध्येही रोगकारक जनुके का सापडतात?

सूक्ष्मदर्शी (धागालेखक)

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू साधारणपणे दर तीन निरोगी माणसांपैकी एकाच्या नाकपुडीत काहीही त्रास न देता राहतो, आणि केसतूड, हाडांचा जंतुसंसर्ग, हृदयाच्या झडपेचा दाह व रक्तातील जंतुदोष यांच्या प्रमुख कारणांतही त्याचीच गणना होते. त्यामुळे सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांत एक विषय पुनःपुन्हा निवडला जातो: रुग्णांच्या पुवातून किंवा रक्तातून मिळालेले काही स्ट्रेन (एकाच जिवाणूचे उपप्रकार) आणि निरोगी व्यक्तींच्या नाकातून घेतलेले काही स्ट्रेन शेजारी ठेवायचे, दोन्हींत पीसीआरने (डीएनएचा हवा तो तुकडा वाढवून ओळखणाऱ्या चाचणीने) ठरावीक रोगकारक जनुके शोधायची आणि कोणते जनुक कोणत्या गटात जास्त आहे याचा तक्ता मांडायचा. या तक्त्यातून दोन गटांत स्वच्छ भेद दिसेल अशी अपेक्षा असते. तो सहसा दिसत नाही, आणि त्यात प्रयोग करणाऱ्याचा दोष असतोच असे नाही, हे मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवातील पुवात हे गोल जिवाणू घोसांनी पाहिले. १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी वसाहतींच्या (प्लेटवर वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्यांच्या) रंगावरून सोनेरी आणि पांढरे असे दोन प्रकार वेगळे केले. सोनेरी तो ऑरियस. पांढऱ्याला आज आपण मुख्यतः एपिडर्मिडिस म्हणतो. सोनेरी तो वाईट आणि पांढरा तो निरुपद्रवी ही विभागणी तेव्हापासून डोक्यात इतकी पक्की बसली आहे की, जनुकांचे तंत्र हाती आल्यावरही आपण त्याच दोन रकान्यांत भरायला जनुके शोधत राहिलो.

ऑरियसच्या जनुकसंचात सुमारे २८ लाख बेस जोड्या आणि २,६०० च्या आसपास जनुके असतात. त्यांपैकी ज्यांना आपण रोगकारक म्हणतो त्यांतील पुष्कळशी जनुके जवळजवळ प्रत्येक ऑरियसमध्ये असतातच. रक्तद्रव गोठवणारे कोॲग्युलेज तयार करणारे कोआ, प्रतिपिंडाला उलट्या बाजूने पकडून निकामी करणाऱ्या प्रोटीन-एचे एसपीए, पेशींच्या आवरणात सात घटकांचे छिद्र पाडणाऱ्या अल्फा विषाचे एचएलए ही त्यांतली ठळक नावे. फिब्रिनोजेनला चिकटणारा क्लम्पिंग फॅक्टर-बी नाकाच्या अस्तरातील प्रथिनांनाही चिकटतो, म्हणजे रोगाच्या यादीतले हे प्रथिन नाकात मुक्काम ठोकण्यासाठीच लागते. निरोगी माणसाच्या नाकातून आलेल्या स्ट्रेनमध्ये ही जनुके सापडली तर त्यात नवल काही नाही. ती सापडली नाहीत तर मात्र आपला प्रायमर (पीसीआरमध्ये जनुक हुडकणारा डीएनएचा लहान तुकडा) तपासावा.

राहिली ती चल जनुके, जी सर्व स्ट्रेनमध्ये नसतात आणि फेज (जिवाणूंत शिरणारे विषाणू), प्लाझ्मिड (डीएनएची सुटी वर्तुळे) किंवा रोगकारकता-द्वीपे (रोगकारक जनुकांचे सरकते गट) यांवर बसून एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात. खरी तुलना होऊ शकते ती यांचीच. ऑक्सफर्ड येथील संग्रहावर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेहतीस संभाव्य रोगकारक घटक तपासले गेले आणि त्यांतील सात घटक आक्रमक संसर्गाच्या स्ट्रेनमध्ये लक्षणीयरीत्या जास्त आढळले; कोलॅजेनला चिकटणारे सीएनए आणि फायब्रोनेक्टिनला चिकटणारे एफएनबीए त्यांत होते. पुढे २००६ मध्ये १६१ स्ट्रेनची मायक्रोॲरेने (एकाच वेळी अनेक जनुके तपासणाऱ्या पट्टीने) तुलना झाली, तेव्हा स्ट्रेन दहा मुख्य वंशांत विभागलेले आढळले. प्रत्येक वंशाचा पृष्ठभागावरील प्रथिनांचा संच वेगळा होता, पण वाहकांचे स्ट्रेन आणि रुग्णांचे स्ट्रेन असा फरक मात्र कोणत्याही जनुकाने पडेना. माझ्या मते या दोन निष्कर्षांचा मेळ वंशाच्या मुद्द्यावरच लागतो. एखाद्या गावात त्या काळी एखादा वंश रुग्णालयात जास्त पसरलेला असेल, तर त्या वंशासोबत येणारी सगळीच जनुके रोगाशी जोडल्यासारखी दिसतात, मग त्यांचा रोगाशी काही संबंध असो वा नसो. प्रकल्पात पन्नास-साठ नमुने घेऊन वंश न तपासता काढलेले पी-मूल्य (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणारा आकडा) म्हणूनच फारसे विश्वासार्ह नसते.

आणखी एक गोष्ट: जनुक असणे आणि ते चालू असणे या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत. ऑरियसमध्ये एजीआर नावाची नियंत्रणव्यवस्था आहे. प्रत्येक पेशी सात ते नऊ अमिनो आम्लांचा एक लहानसा पेप्टाइड बाहेर सोडते, आणि दाटी वाढून त्याची मात्रा वाढली की आरएनए-थ्री हा ५१४ न्यूक्लिओटाइडचा रेणू तयार होतो. तो अल्फा विषाचे उत्पादन वाढवतो आणि प्रोटीन-एचे कमी करतो. विरळ वस्तीत चिकटून राहायचे, दाट वस्तीत विष सोडून पसरायचे, असा हा क्रम आहे. डीएनएवर केलेल्या पीसीआरला यातले काहीही दिसत नाही.

---

रक्तद्रव

धागा उत्तम. मी जिल्ह्याच्या गावी निदान प्रयोगशाळा चालवते, तेव्हा कोॲग्युलेजबद्दल थोडी भर घालते, कारण रोजच्या कामात उपद्रवी आणि निरुपद्रवी हा निवाडा आम्ही याच एका चाचणीवर करत असतो.

सशाच्या पातळ केलेल्या रक्तद्रवात वसाहत मिसळून नळी ३७ अंशांवर ठेवायची आणि चार तासांनी हळूच तिरकी करून पाहायची. गोठा झाला असेल तर तो जेलीसारखा एका जागी राहतो. चार तासांनी पाहणे महत्त्वाचे आहे, कारण काही स्ट्रेन स्टॅफिलोकायनेजही तयार करतात आणि तेच झालेला गोठा रात्रीतून विरघळवून टाकते. नळी थेट दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली तर ऑरियस हा कोॲग्युलेज-निगेटिव्ह म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो. नवीन तंत्रज्ञांना मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते.

उलट बाजूने पाहिले तर कोॲग्युलेज-निगेटिव्ह म्हणून सोडून देण्यासारखे सगळेच नसतात. लुगड्युनेन्सिस ही स्टॅफिलोकॉकसचीच आणखी एक जात; तो नळीतील चाचणीत निगेटिव्ह येतो, काचपट्टीवर मात्र पुष्कळदा पॉझिटिव्ह दिसतो, आणि हृदयाच्या झडपेवर बसला तर ऑरियसइतकाच विध्वंस करतो. गंमत अशी की, याच लुगड्युनेन्सिसच्या लुगड्युनिन या प्रतिजैविकाचा शोध २०१६ मध्ये जाहीर झाला आणि ज्यांच्या नाकात हा जिवाणू असतो त्यांच्याकडे ऑरियस कमी आढळतो असेही त्याच कामात दिसले. त्याला कोणत्या रकान्यात टाकायचे हे धागालेखकांनीच सांगावे.

---

वाचनवेडा

मी या क्षेत्रातला नाही, तरी एक शंका विचारतो. नाकात ऑरियस असणाऱ्या माणसाला पुढे आजार झाला, तर तो त्याच्याच नाकातल्या स्ट्रेनमुळे होतो की बाहेरून आलेल्या एखाद्या जास्त जहाल स्ट्रेनमुळे?

---

जनुकवाचक

वाचनवेडा, बहुतेक वेळा स्वतःच्याच. २००१ मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तातील ऑरियस आणि त्याच रुग्णाच्या नाकातील ऑरियस यांची तुलना केली असता सुमारे ८२ टक्के रुग्णांत दोन्ही एकाच क्लोनचे (एकाच मूळ पेशीच्या वंशजांतले) निघाले. २००४ मध्ये नेदरलँड्समधील रुग्णालयांत दाखल रुग्णांच्या मोठ्या पाहणीत असे दिसले की, नाकात ऑरियस असलेल्यांना रक्तातील जंतुदोष होण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट होती. पण जंतुदोष झाल्यानंतर मृत्यूचे प्रमाण वाहकांमध्ये कमी आणि पूर्वी वाहक नसलेल्यांमध्ये जास्त होते. आपल्याच नाकातील स्ट्रेनशी शरीराची आधीची ओळख असणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

मी जनुकक्रमांच्या विश्लेषणाचे काम करतो, आणि मला या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण २०१२ चे वाटते. एका वाहकाच्या नाकातील ऑरियसचे नमुने तेरा महिने घेतले जात होते, आणि त्या काळात त्या व्यक्तीला रक्तातील जंतुदोष झाला. नाकातील मूळ स्ट्रेन आणि रक्तातील स्ट्रेन यांचा संपूर्ण जनुकक्रम वाचल्यावर दोहोंत अवघे आठ बदल सापडले. विषाचे एखादे नवे जनुक बाहेरून आलेले नव्हते. आठांपैकी चार बदलांनी काही प्रथिने मध्येच तुटली होती, आणि त्यांतले एक आरएसपी नावाचे नियंत्रक प्रथिन होते. २०१७ मध्ये हेच काम शंभरहून अधिक रुग्णांपर्यंत वाढवले गेले, तेव्हा रुग्णाच्या शरीरात होणाऱ्या बदलांचा रोख पुन्हा एजीआर आणि आरएसपी यांच्या अखत्यारीतील जनुकांकडेच दिसला. तेव्हा पीसीआरच्या तक्त्यात नाकातील आणि रक्तातील स्ट्रेन तंतोतंत सारखे दिसतील, आणि तरीही दोघांत फरक असेल.

एपिडर्मिडिसबद्दलही लिहायला हवे, कारण निरुपद्रवी म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. एटीसीसी १२२२८ हा बायोफिल्म (जिवाणूंचा चिकट थर) न करणारा स्ट्रेन आणि कॅथेटरच्या संसर्गातून आलेला आरपी६२ए हा स्ट्रेन यांचे जनुकक्रम अनुक्रमे २००३ आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आयसीए हा चार जनुकांचा गट दुसऱ्यात आहे, पहिल्यात नाही. या गटातून तयार होणाऱ्या साखरेच्या साखळीने जिवाणू एकमेकांना चिकटतात आणि सलाईनच्या नळीवर किंवा कृत्रिम सांध्यावर बुळबुळीत थर धरतात. इथे जनुक आहे की नाही यावर बरेच काही अवलंबून आहे असे वाटते. पण याच गटात आयएस२५६ हा उडता तुकडा घुसून बसतो, तेव्हा थर धरणे बंद होते, आणि तो तंतोतंत बाहेर पडला की पुन्हा सुरू होते. तुमचा प्रायमर त्या तुकड्यापासून दूरचा भाग ओळखत असेल, तर अहवालात आयसीए पॉझिटिव्ह असे येईल, आणि प्लेटमध्ये मात्र एक थेंबही चिकटलेला दिसणार नाही.

---

गोठाभेट

पशुवैद्यक आहे. गाईम्हशींच्या दगडीच्या (कासेच्या दाहाच्या) दुधातून ऑरियस नेहमी मिळतो, आणि मेंढीच्या रक्ताच्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) तो माणसाच्या स्ट्रेनपेक्षा वेगळा दिसतो. ३७ अंशांवर रात्रभर ठेवल्यावर वसाहतीभोवती धूसर कडे येते आणि प्लेट काही तास फ्रिजमध्ये ठेवली की तेच कडे काचेसारखे स्वच्छ होते. हे बीटा विषाचे, म्हणजे एचएलबी जनुकाचे काम. माणसांकडून आलेल्या बहुसंख्य स्ट्रेनमध्ये या जनुकाच्या मधोमध एक फेज घुसलेला असतो आणि त्यामुळे ते बंद पडलेले असते. तो फेज येताना स्टॅफिलोकायनेज आणि माणसाच्या प्रतिकारशक्तीला चकवणारी इतर काही प्रथिने घेऊन येतो, काही वेळा एंटेरोटॉक्सिन-एसुद्धा. म्हणजे माणसाकडे राहायला येताना जिवाणूने एक विष गमावले आणि त्याच जागी दुसरी हत्यारे मिळवली. जनावरांत परत गेलेल्या वंशांतून हा फेज अनेकदा गळून गेलेला असतो.

माझा मुद्दा असा की, एखादे जनुक रोगकारक आहे की नाही हे यजमान कोण आहे हे सांगितल्याशिवाय ठरवता येत नाही. पीव्हीएल हे विष घ्या: ते माणसाच्या आणि सशाच्या पांढऱ्या पेशी फोडते, उंदराच्या पेशींवर त्याचा जवळजवळ परिणाम होत नाही. उंदरावर केलेल्या प्रयोगांतून त्याचे महत्त्व ठरवण्याचा वाद म्हणूनच वर्षानुवर्षे चालला.

---

विषवल्ली

इथे सर्वांचा सूर असा लागतो आहे की, एकटे जनुक पाहून काहीच कळत नाही. मला ते मान्य नाही. केसतूड किंवा रक्तातील जंतुदोष यांच्याबाबत ते खरे असेल, पण ऑरियसचे काही आजार सरळ एका विषाचे आजार आहेत, आणि तिथे जनुक नसेल तर आजार होत नाही.

लहान मुलांत त्वचा भाजल्यासारखी सोलून निघते, तो आजार ईटीए किंवा ईटीबी या विषांशिवाय होत नाही. ही विषे त्वचेच्या वरच्या थरातील डेस्मोग्लीन-१ हे एकच प्रथिन कापतात. अमेरिकेत १९८० मध्ये मासिक पाळीच्या काळातील टॉक्सिक शॉक सिंड्रोमची साथ गाजली आणि रिलाय या टॅम्पॉनची विक्री त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये थांबवण्यात आली. पाळीशी निगडित अशा जवळपास सर्व प्रकरणांत टीएसटी हे एकच जनुक सापडते. ते ज्या रोगकारकता-द्वीपावर असते ते द्वीप सहायक फेजच्या कवचात बसून दुसऱ्या जिवाणूत जाते, हे १९९८ मध्ये दाखवले गेले.

आणि अन्नविषबाधेत तर जिवाणू जिवंत असण्याचीही गरज नाही. जपानमध्ये २००० साली स्नो ब्रँडच्या दुधामुळे १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. होक्काइडोमधील कारखान्यात मार्च महिन्यात काही तास वीज गेली होती, त्या वेळी दूध उबदार अवस्थेत राहिले, ऑरियस वाढला आणि एंटेरोटॉक्सिन-ए तयार झाले. पुढच्या उष्णतेने जिवाणू मेले. विष मात्र टिकले, साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत उतरले आणि जूनमध्ये ओसाकाच्या परिसरातील लोकांच्या पेल्यात पोहोचले. इथे वंश, एजीआर किंवा नाकातील ओळख यांतले काहीही पिणाऱ्याच्या कामी आले नाही.

---

सूक्ष्मदर्शी (धागालेखक)

विषवल्ली यांनी विषजन्य आजारांचा वेगळा रकाना केला ते योग्यच केले. मूळ लेखात मी आक्रमक संसर्गापुरते बोलत होतो. मात्र टीएसटीबाबत एक गोष्ट जोडतो. निरोगी वाहकांतील स्ट्रेनमध्येही टीएसटी कमी आढळत नाही, आणि बहुसंख्य प्रौढांच्या रक्तात त्या विषाविरुद्धची प्रतिपिंडे असतात. आजार होतो तो मुख्यतः ज्यांच्याकडे ती नसतात अशांना. म्हणजे जनुक आवश्यक आहे, पुरेसे नाही. एंटेरोटॉक्सिन तयार झालेले दूध मात्र खरोखरच पुरेसे असते, कारण तिथे जिवाणू आणि शरीर यांची गाठच पडत नाही.

एखादे जनुक पुरेसे आहे का हे तपासायची एक देखणी पद्धत आहे आणि ती इथे कोणी सांगितली नाही म्हणून लिहितो. स्टॅफिलोकॉकस कार्नोसस हा सुक्या सॉसेजमध्ये विरजणासारखा वापरला जाणारा जिवाणू. युरोपात तो अनेक दशके लोकांच्या पोटात जात आहे आणि त्याच्याकडे ऑरियसची विषे नाहीत. ट्यूबिंगेनच्या फ्रीडरिश ग्योट्झ यांच्या गटाने त्याचा टीएम३०० हा स्ट्रेन कोऱ्या पाटीसारखा वापरला. १९९६ मध्ये एपिडर्मिडिसचा आयसीए गट त्यात घातला, तेव्हा तो गठ्ठे करू लागला. पुढे इतर प्रयोगांत ऑरियसचे फायब्रोनेक्टिनला चिकटणारे प्रथिन त्याला दिले, तेव्हा तो माणसाच्या पेशींच्या आतही शिरू लागला. एवढे झाले तरी त्यामुळे तो गळवे करणारा जिवाणू झाला नाही. पेशीत शिरणे ही क्षमता एका जनुकाने मिळते, हे त्यातून सिद्ध झाले; आजार करण्यासाठी अशा अनेक क्षमता योग्य क्रमाने लागतात.

रक्तद्रव यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ५०२ए या स्ट्रेनची कथा सांगतो. १९५० च्या दशकात ८०/८१ नावाचा पेनिसिलिनला न जुमानणारा ऑरियस अनेक देशांतील प्रसूतिगृहांत थैमान घालत होता. न्यूयॉर्कमध्ये एका परिचारिकेच्या नाकातील एक स्ट्रेन नवजात बालकांच्या नाकात आणि नाळेवर आधी बसला, तर ८०/८१ तिथे जम धरू शकत नाही, असे हेन्री शाइनफील्ड आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आले. मग तो स्ट्रेन, म्हणजे ५०२ए, मुद्दाम बाळांना लावण्यात आला. न्यूयॉर्कनंतर सिनसिनाटी, जॉर्जिया आणि लुइझियाना येथेही हे झाले, साथी आटोक्यात आल्या, आणि पुढे वारंवार केसतुडे होणाऱ्या प्रौढांवरही ही पद्धत वापरली गेली. हा ऑरियसच होता, कोॲग्युलेज पॉझिटिव्ह होता, आणि तरीही हजारो बाळांच्या नाकात तो रक्षकासारखा राहिला. १९७२ मध्ये मात्र एका नवजात बालकाचा ५०२एमुळेच झालेल्या रक्तातील जंतुदोषाने मृत्यू झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि ही पद्धत मागे पडली. स्ट्रेन तोच होता, बाळाची परिस्थिती निराळी होती. त्यामुळे लुगड्युनेन्सिसला मी कोणत्याही रकान्यात टाकणार नाही. अहवालात नमुना कुठून घेतला ते ठळक लिहावे, एवढेच म्हणेन. नाकातला असेल तर सोडून द्यावा, दोन स्वतंत्र रक्तनमुन्यांत आला तर डॉक्टरांना लगेच फोन करावा.

---

वाचनवेडा

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. शेवटचा प्रश्न: एमआरएसए हा शब्द बातम्यांत वाचतो. तो या सगळ्यात सर्वांत जहाल स्ट्रेन समजायचा का?

---

जनुकवाचक

तसे समजू नये. एमआरएसए ठरतो तो मुख्यतः एमईसीए या जनुकामुळे, आणि ते जनुक जिवाणूला मेथिसिलिनच्या कुळातील औषधांपासून वाचवते. ऊती फोडणे किंवा विष सोडणे हे त्याचे काम नव्हे. एपिडर्मिडिसमध्ये ते सर्रास आढळते. रुग्णालयांतील जुन्या एमआरएसएंपैकी अनेक स्ट्रेन औषधांना चिवट, पण विषाच्या बाबतीत तुलनेने मवाळ असतात. त्यांचा संसर्ग गंभीर होतो, कारण रुग्ण आधीच खंगलेला असतो आणि सुरुवातीची औषधे वाया जातात.

काळजी वाटते ती दोन्ही ओझी एकाच स्ट्रेनवर येतात तेव्हा. भारतीय उपखंडातील एसटी ७७२ हा वंश, ज्याला बेंगाल बे क्लोन म्हणतात, अनेक औषधांना दाद देत नाही आणि त्याच्याकडे पीव्हीएलही असते. मुंबईतील नमुन्यांवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एसटी २२ आणि एसटी ७७२ हे दोन वंश पुढे येताना दिसले होते. पीव्हीएल असलेल्या स्ट्रेनची केसतुडे धडधाकट तरुणांनाही होतात आणि एका घरात एकामागून एकाला होत राहतात.

---

रक्तद्रव

त्यातच व्यवहाराची बाजू जोडते. घरात अशी लागोपाठ गळवे होत असतील तर पू तपासणीला देताना नुसता अँटिबायोग्राम (कोणते औषध लागू पडेल याचा अहवाल) मागू नका, घरातील इतरांनाही झाली आहेत हे पर्चीवर लिहून द्या. पीव्हीएलची तपासणी आमच्यासारख्या लहान प्रयोगशाळांत होत नाही, पण एवढी माहिती असेल तर आम्ही वसाहत जपून ठेवतो आणि संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. कारण सांगितलेले नसेल, तर ती प्लेट काही दिवसांत ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात) जाते.